कण्यांचं छत: एक खोली खरवडली, एक झाकली, त्याला आता अकरा महिने झाले

गेल्या दिवाळीनंतर आम्ही घरातल्या दोन खोल्यांची छतं करून घेतली. हॉलचं जिप्सम बोर्डाने झाकलं, आतल्या खोलीचं खरवडून लांबी (पुट्टी) भरून घेतलं. एकाच स्लॅबखाली दोन्ही प्रकार वापरून बघायला मिळाले आणि मधे एक उन्हाळा, एक पावसाळाही जाऊन गेला, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

घर सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागात. १९८६चा स्लॅब, वर थेट गच्ची. मागच्या शेडमध्ये पूर्वी आमचे चार माग होते. सासऱ्यांनी हौसेने सगळ्या छतांना टेक्स्चर मारून घेतलं होतं. सिमेंटच्या रंगात बारीक वाळू कालवायची आणि रोलरने दाणे उठवायचे. नंतर कधीतरी त्यावर ऑइलपेंटचाही हात दिला. दिसायला ज्वारीच्या कण्या चिकटवल्यासारखं. पण माग चालू असताना सुताची लव उडायची आणि त्या कण्यांत जाऊन बसायची. दर दिवाळीला जळमटं काढायला केरसुणी फिरवली की तिच्याच काड्या वर अडकायच्या, ओलं फडकं फिरवावं तर फडक्याचे धागे. शेवटची पाच-सहा वर्षं रात्री अंथरुणावर वाळूचे कण पडायला लागले. सासूबाईंना दम्याचा त्रास. सकाळी त्यांची उशी झटकताना बोटांना खरखर लागायची. छत सुंदर दिसावं ही माझी अपेक्षा नव्हतीच, ती खरखर थांबायला हवी होती.

सुरुवातीला मी इंटरनेटवर बघून घाबरले होते. अमेरिकेतल्या जुन्या ‘पॉपकॉर्न’ छतांत फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असायचं. फवाऱ्याने मारायच्या तशा मालावर तिथे १९७८मध्ये बंदी आली. आमचं छत त्या जातीचं नाही, वाळू आणि सिमेंटचा रंग एवढंच. मात्र मागच्या शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत, त्यांना आम्ही हातही लावू दिला नाही. आपल्याकडे खरी काळजी जुन्या ऑइलपेंटची. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला आणि आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडं घासायचं नाही, ओलं करूनच खरवडायचं, तोंडाला साधा रुमाल चालणार नाही, नीट मास्कच हवा, आणि सासूबाई आठवडाभर नणंदेकडे, हे मी काम ठरवतानाच सांगितलं.

आतली खोली बारा बाय दहा. रंगकाम करणारे मामा आमच्या ओळखीचे, तीस वर्षं हेच काम करतात. पहिल्या दिवशी त्यांनी घोडीवर चढून नुसतं छत वाजवलं. खरवडायच्या पत्र्याच्या मुठीने ठक, ठक, आणि खिडकीवरच्या कोपऱ्यात एकदम बद्द आवाज. “वहिनी, इथं पोकळ आहे बघा. वरनं झाकलं असतं तर हे कधी कळलं असतं ओ?” तिथला गिलावा पडला तेव्हा आत गंजून फुगलेली सळई दिसली. तारेच्या ब्रशने गंज काढून, गंजरोधक लावून, पॉलिमर घातलेल्या सिमेंटच्या मालाने तो भाग भरला. या एका कारणासाठी तरी जुन्या घरात आधी छत वाजवून घ्याच.

टेक्स्चरवर ऑइलपेंट नसेल तर मारलेलं पाणी आत मुरतं आणि खरवडणं सोपं जातं. आमच्याकडे ऑइलपेंट होता, पाणी नुसतं ओघळून जायचं. मामांनी आधी पत्र्याच्या टोकाने आडव्या-उभ्या रेघा मारल्या, मग पाणी मारलं, पंधरा मिनिटं थांबले आणि मग पत्रा लावला, तेव्हा हातभर लांब खपल्या सुटायला लागल्या. खालून चुन्याचे तीन थर निघाले, मधला निळसर. चुन्यावर लांबी धरत नाही, वर्ष-दोन वर्षांत पापुद्रा सुटतो, म्हणून तोही मूळ सिमेंटपर्यंत काढला. यातच दोन दिवस गेले. पलंग आणि कपाटावर जुन्या चादरी टाकल्या होत्या आणि दारात एक चादर ओली करून लटकवली होती. सोलापुरी चादर जाड असल्याने धूळ हॉलमध्ये फार कमी आली. संध्याकाळी ती चादर पिळली तर बादलीतलं पाणी राखाडी झालं होतं.

नंतर व्हाइट सिमेंटच्या लांबीचे दोन हात, घासकाम, प्रायमर आणि वर बिनचमकीचा डिस्टेंपर. छताला चमकदार रंग घेऊ नका, स्लॅब ओतताना खाली लावलेल्या फळ्यांचे सगळे उंचवटे उठून दिसतात. ट्यूबही छताला चिकटून लावली तर तिच्या तिरप्या उजेडात तेच होतं. आमची दीड फूट खाली घेतल्यावर छत सपाट वाटायला लागलं. खर्च ४,६०० रुपये, मजुरीसकट. सळईच्या दुरुस्तीचे वेगळे. अकरा महिन्यांत एक केसाएवढी रेघ आली आहे, तीही त्या भरलेल्या जागेच्या कडेला.

हॉल सोळा बाय बारा. तिथे झाकण्याचा निर्णय घेतला कारण स्लॅबला मधोमध चांगली बोटभर लचक होती, लांबीने ती भरली नसती. दुसऱ्या ठेकेदाराकडून जीआय चॅनल (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा) आणि साडेबारा मिलिमीटरचे बोर्ड बसवले, साधारण १६,००० रुपये. काम दोन दिवसांत झालं, धूळ नगण्य, आणि पहिल्या दिवशी हॉल नवा कोरा दिसला हे मान्यच करते. छत साडेनऊ फुटांवरून नऊ फुटांवर आलं. पंखा मात्र स्लॅबच्या मूळ हुकालाच लांब दांडी लावून टांगायचा, बोर्डाला किंवा चॅनलला नाही. यावर मी अडून बसले होते आणि बरंच झालं.

चौथ्या महिन्यात दोन बोर्डांच्या सांध्यावर सरळ रेघ उमटली. उकलून बघितलं तर तिथे कागदी टेप लावलेलीच नव्हती, नुसतं सांधे बुजवायचं कंपाउंड भरलं होतं. टेप लावून पुन्हा केल्यावर परत आलेली नाही.

उन्हाळ्याबद्दल सगळे विचारतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारला भिंतीवरच्या तापमापकात आतल्या खोलीत ३८ असायचं, हॉलमध्ये ३६. बोर्ड आणि स्लॅबमधल्या हवेचा तेवढा फायदा आहे. पण मे महिन्यात गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग दिल्यावर दोन्ही खोल्यांत जो फरक पडला तो याहून मोठा होता. फक्त गारव्यासाठी खाली छत बांधू नका, तो पैसा आधी गच्चीवर घाला.

खरी परीक्षा सप्टेंबरच्या परतीच्या पावसात झाली. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, म्हणून प्रत्येक गच्चीवर दोन-दोन टाक्या. आमच्या एका टाकीच्या पाइपाचा सांधा गळत होता, त्यात पाऊस. हॉलच्या छतावर चहाच्या रंगाचा बशीएवढा डाग पडला आणि दोन दिवसांत बोर्ड पोटासारखा खाली आला. ठेकेदाराने “ओलाव्याचं बोर्ड आहे, काही होत नाही” म्हणून सांगितलं होतं. कापून बघितलं तर साधं बोर्ड. ओल सोसणारं बोर्ड सहसा हिरवट कागदाचं असतं आणि तेसुद्धा गळणाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही. त्याहून जास्त त्रास म्हणजे गळती डागाच्या वर नव्हतीच. पाणी सात फूट दूर झिरपून चॅनलवरून वाहत तिथे आलं होतं. आतल्या खोलीत हेच झालं असतं तर ओल जिथली तिथे, पहिल्याच दिवशी दिसली असती.

कापलेल्या जागी आता दोन बाय दोनचं उघडणारं झाकण बसवून घेतलंय. कडेच्या फटी बुजवल्या, कारण पावसाळ्यात वर उंदराची खुडबुड सुरू झाली होती.

सासूबाईंचा पलंग आतल्या खोलीत आहे. सकाळी उशी झटकताना बोटांना काही लागत नाही. यंदा जळमटं काढायला त्या खोलीत मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

स्वयंपाकघराचं छत अजून कण्यांचंच आहे. ते खरवडूनच घेणार. गळती आहे का हे गच्चीवर पाणी तुंबवून बघायचं तर तेवढं पाणी आणायचं कुठून, म्हणून परवाच्या जोरदार पावसात मीच ओट्यासमोर स्टूल घेऊन बॅटरीने कोपरा न कोपरा बघून घेतला. कोरडा होता. दिवाळी झाली की या म्हणून मामांना सांगून ठेवलंय.