ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन परत चढवताना: एकटं इंजिन की गिअरबॉक्ससकट?

इंजिन चढवायचं कसं, हे ते उतरवायच्या दिवशीच ठरवावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाड्यांचं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग अशी उतरवलेल्या इंजिनाची मशिनवरची कामं बहुधा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत होतात. तेवढे दिवस गाडी गॅरेजात उभी. तिच्यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जागेवरच ठेवायचा, की इंजिनाबरोबर तोही खाली घ्यायचा? गाडीवाले बहुतेक वेळा हे मिस्त्रीवर सोडतात. सोडू नका. पैसे तुमचे आहेत.

आधी गाडी कुठली ते बघा. आपल्याकडं क्लच पेडल नसलं की सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात. वॅगन आर, स्विफ्टसारख्या गाड्यांतलं एजीएस, म्हणजे एएमटी, यात साधी क्लच प्लेट आणि साधाच गिअरबॉक्स असतो; क्लच दाबायचं काम यंत्र करतं एवढंच. तिथं काम मॅन्युअलसारखं, फक्त शेवटी स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग, म्हणजे क्लच कुठं धरतो ते यंत्राला नव्यानं शिकवणं, करून घ्यायचं. पुढचं सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांसाठी.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, तेलानं भरलेला जड डबा. तो गिअरबॉक्समध्ये एका जागी बसत नाही. इनपुट शाफ्टचे दाते, स्टेटरच्या शाफ्टचे दाते आणि सगळ्यात आत ऑइल पंपाच्या खाचा, अशा जागा ओळीनं जुळाव्या लागतात. आत दाबत हळूहळू फिरवला की एकेक 'खट्' हाताला कळतो. शेवटचा खट् राहिला तरी बाहेरून डबा बसल्यासारखाच दिसतो.

आमच्या गॅरेजात सुरुवातीच्या काळात आलेल्या एका ऑटोमॅटिकला हेच झालं. बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं घंटेसारखं तोंड, आणि इंजिन यांमध्ये बोटभर फट राहत होती. पोरगा म्हणाला, "अण्णा, बोल्टनं ओढलं की बसतंय." मी ओढू दिलं. फट मिटली आणि आत पंप फुटला. गाडी सुरू झाली, पण डीमध्ये टाकून जागची हलेना. सगळं परत उतरवलं आणि पंपाचा खर्च मी भरला. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: बेल हाउसिंग हातानंच इंजिनाला टेकलं पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला.

म्हणूनच, एर्टिगासारखी पुढच्या चाकांना ओढ असलेली, आडव्या इंजिनाची गाडी असेल तर दोन्ही एकत्र उतरवा आणि एकत्रच चढवा. यात काम वाढतं, हे खरं. दोन्ही एक्सल काढायचे, लोअर आर्म सोडायचे, बऱ्याच गाड्यांत सबफ्रेमही खाली घ्यायची, एक्सलची ऑइल सील नवी टाकायची, शेवटी व्हील अलाइनमेंट. खालून उतरवायचं तर दोन खांबी लिफ्ट हवी. ती नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका. पण जोडणी जमिनीवर, उजेडात, डोळ्यांसमोर होते. फ्लेक्स प्लेटला, म्हणजे क्रँकवरच्या ज्या पातळ चकतीला कन्व्हर्टर बोल्टनं जोडतात तिला, बोल्टच्या भोकांपाशी तडा आहे का ते दिसतं, क्रँकची मागची सील आणि गिअरबॉक्सची पुढची सील त्याच हातानं बदलता येते. गाडीत अडकलेल्या गिअरबॉक्सवर तिरकं इंजिन नेताना यातलं काही नीट दिसत नाही.

इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिकसारख्या मागच्या चाकांच्या, उभ्या इंजिनाच्या गाडीत हिशेब उलटा. गिअरबॉक्स ठणठणीत असेल तर तो जागेवर राहू द्या आणि इंजिन चेन ब्लॉकनं वरून काढा-घाला. मागच्या चाकांकडं जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला हात लागत नाही, दिवस वाचतात. मात्र गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक हवा आणि बेल हाउसिंगवर आडवी पट्टी बांधून कन्व्हर्टर मागं रोखून धरलेला हवा. पट्टी नसेल तर इंजिन उद्यमबागेत असेपर्यंत तो पुढं सरकतो, तेल गळतं आणि नंतर आंधळेपणानं तो परत बसवावा लागतो. जुलैत खानापूर, जांबोटीकडं उघड्या शेडमध्ये गाडी राहणार असेल तर बेल हाउसिंगचं तोंड प्लॅस्टिकनं घट्ट बांधून घ्या. गिअर उशिरा पडतो, तेल काळं पडून जळका वास येतो, अशी तक्रार आधीपासून असेल, तर या गाडीतही दोन्ही खालीच घ्या.

पद्धत कुठलीही असो, इंजिन ब्लॉकवरच्या दोन डॉवेल पिना (गिअरबॉक्स नेमक्या जागी बसवणाऱ्या) जागेवर आहेत का ते स्वतः बघा. मशिन शॉपमध्ये ब्लॉक धुताना त्या हरवतात. त्यांच्याशिवायही बोल्ट बसतात, पण गिअरबॉक्स केसभर सरकून बसतो आणि पुढं पंपाचं बुश आणि सील खातो. बेल हाउसिंग टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्स प्लेटपासून थोडी फट राहिली पाहिजे. बऱ्याच गाड्यांत ती 3 ते 5 मिलिमीटर असते, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये. मगच तो पुढं ओढून त्याचे मूळचेच बोल्ट लावायचे. सुट्या बोल्टांच्या डब्यातला लांब बोल्ट घातला तर कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून फुगवटा येतो आणि कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच बिघडतो.

ओव्हरहॉल न करता कोल्हापुरातून जुनं इंजिन आणून टाकत असाल, तर इंजिन नंबर बदलल्याची नोंद आरसीवर हवी.

गिअरबॉक्सचं तेल गाडीच्या कंपनीनं सांगितलेलंच भरा. सीव्हीटीचं, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, तेल वेगळं असतं. ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असा लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवा आणि तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर पातळी परत बघा, कारण रिकामा कन्व्हर्टर बरंच तेल पितो. पहिली फेरी गावातच मारा, खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर गळती बघा. चोर्ला घाट त्यानंतर.