पाच किलोवॅट सांगून गळ्यात काय मारलं, ते वाचा

२०२५ च्या मार्चमध्ये मी माझ्या सुतारकामाच्या कारखान्यावर सोलर बसवून घेतलं. ३ लाख ९० हजार रुपये मोजले. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याने पेट घेतला. मी शेडमध्येच होतो म्हणून शेड वाचली. आमच्याच भागात आणखी दोन शेडवर मला तशीच पॅनेल दिसली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

घर गावात, कारखाना खाली बागेत. सावंतवाडीपासून तसा लांब नाही, पण विजेचा शेवटचा खांब पाऊण किलोमीटरवर राहतो. लाइन ओढायची तर मध्ये तिघांच्या जमिनी, त्यातल्या एकाची संमती काही मिळेना. दहा वर्षं डिझेल जनरेटरवर काढली. फणस, आंबा, साग जे लाकूड येईल ते कापायचं, रंधायचं, दारं-खिडक्या नाहीतर देव्हारे करायचे. निम्मी मजुरी डिझेल खायचं. त्यामुळे सोलरवाला दारात आला तेव्हा मी त्याची वाटच बघत होतो म्हणा ना.

तो माझ्या मेव्हण्याच्या ओळखीतून आला. वागायला नम्र, प्रत्येक वाक्याला ‘काका’. शेडमध्ये उभ्या उभ्या नजर फिरवली आणि म्हणाला, “काका, तुम्हाला पाच किलोवॅट बास. सगळं चालेल, वर रात्री आठ तास बॅकअप.” मशीन किती, कुठली किती वेळ चालते, मोटर किती एचपीची, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. मलाही ते खटकलं नाही. आज वाटतं, त्याला तिथेच थांबवायला हवं होतं.

कोटेशन एका पानाचं. ‘५ किलोवॅट ऑफग्रीड सोलर सिस्टीम, संपूर्ण बसवून’ आणि खाली रक्कम. ऑफग्रीड म्हणजे ग्रीडला, महावितरणच्या लाइनला, न जोडलेली. सगळी फसवणूक या एका ओळीत होती, कारण या धंद्यात ‘पाच’ हा आकडा तीन वेगळ्या वस्तूंना लावता येतो. इन्व्हर्टर पाच केव्हीएचा (एका वेळी किती भार पेलतो त्याचं माप) असू शकतो. पॅनेल सगळी मिळून पाच किलोवॅटची असू शकतात. आणि बॅटरीत पाच युनिट साठू शकतात. तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसला तर सिस्टीम झाली. मला मिळाला पाच केव्हीएचा इन्व्हर्टर, बाकी जे हाताला लागलं ते.

सबसिडीचं गाजर वेगळंच. “७८ हजार तुमच्या खात्यात येणार, काका,” म्हणून त्याने आधार, पासबुक आणि घराच्या वीजबिलाची झेरॉक्स नेली. नंतर महावितरणच्या कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी दोन मिनिटांत सांगितलं की पीएम सूर्यघर योजना ग्रीडला जोडलेल्या राहत्या घरांसाठी आहे. पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, म्हणून जास्तीत जास्त ७८ हजार. पॅनेल लागल्यावर नेट मीटर, म्हणजे ग्रीडला गेलेली आणि ग्रीडकडून आलेली वीज मोजणारं मीटर, बसतं, तपासणी होते, मग पैसे थेट खात्यात येतात. माझ्या शेडला ग्रीडच नाही, तर मीटर कुठून येणार? हा प्रश्न मी आधी विचारला असता तर तो माणूस तिथेच उघडा पडला असता.

तीन लाख बँकेतून दिले आणि ९० हजार रोख. रोख का, तर “जीएसटी वाचेल.” ही माझी चूक, आणि ती मी लपवणार नाही. ते ९० हजार आज मला कुठेही सिद्ध करता येत नाहीत.

बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन एचपीचं कटर सुरू केलं की इन्व्हर्टर ट्रिप. फोन केला तर म्हणे वायरिंग जुनं आहे. वायरिंग बदललं. मग म्हणे कटरचं ब्लेड बोथट आहे. असं करत एप्रिल गेला. खरं कारण साधं होतं. सिंगल फेज मोटर चालताना दहा-बारा अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. पाच केव्हीएचा साधा इन्व्हर्टर तो झटका सोसत नाही. हे काही गुपित नव्हे, मोटर रिवाइंडिंग करणारा कुठलाही माणूस सांगेल.

आता त्या दुपारचं सांगतो. दीडचा सुमार, कडक ऊन. काम थांबवलं आणि जेवायला जायचं म्हणून पॅनेलकडून येणाऱ्या वायरीवरचा एमसीबी, म्हणजे डब्यातला सुरक्षा-खटका, खाली केला. खटका पडला पण आत निळसर ज्योत तशीच पेटलेली राहिली, फर्रफर्र आवाज करत. प्लास्टिक वितळून थेंब खाली पडायला लागले. त्या डब्याच्या हातभर अंतरावर भुशाची पोती होती. आधी ती पोती बाहेर ओढली. पण वायर बंद कशी करायची, तेच कळेना. पॅनेलवर ऊन पडतंय तोवर वायरीत वीज असतेच. शेवटी माझा कारागीर शिडीवरून चढला आणि ताडपत्री टाकून सगळी पॅनेल झाकली, तेव्हा ते विझलं. भिंतीवर काळा डाग अजून आहे, मी पुसलेला नाही.

आयटीआय केलेला माझा भाचा दुसऱ्या दिवशी आला. वितळलेला एमसीबी हातात घेऊन म्हणाला, “मामा, हा घरातल्या एसी लायनीचा आहे.” एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका पडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये, म्हणजे पॅनेल-बॅटरीच्या विजेत, तो शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटतीच राहते. तिथे डीसीचाच एमसीबी लागतो. वायरही घरगुती अडीच एमएमची होती, सोलरची डीसी केबल नव्हे. दोन महिन्यांच्या उन्हात तिचं आवरण तडकलं होतं.

मग त्याने टेप मागितली. पॅनेलमागच्या स्टिकरवर ५०० वॅट. माप भरलं १.९६ मीटर लांब, ९९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन चौरस मीटरलाही किंचित कमी. एका चौरस मीटरवर कडक ऊन पडतं ते साधारण १००० वॅटचं आणि बाजारातलं चांगलं पॅनेल त्यातले २०-२२ टक्के विजेत बदलतं. म्हणजे एवढ्या मापातून फार तर सव्वाचारशे वॅट, तेही नव्या काळ्या मोनो पॅनेलमधून. माझी तर निळी, जुन्या पॉली प्रकारातली. त्या मापाची पॉली पॅनेल सव्वातीनशेच्या आसपास असतात. स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली आधीच्या स्टिकरचा वाळलेला गोंद. आणि काचेच्या आत, पॅनेल बनतानाच दाबलेला जो नंबर असतो, तो मागच्या स्टिकरवरच्या नंबराशी दहापैकी एकाही पॅनेलचा जुळला नाही. कुठल्या तरी जुन्या प्लँटमधून काढलेला माल होता. स्टिकरवर शॉर्टसर्किट करंट (पॅनेलच्या दोन वायरी थेट जोडल्या की वाहतो तो) १२.८ अँपिअर, भर दुपारी क्लॅम्प मीटरवर ८.३.

इन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूला ‘एमपीपीटी’ लिहिलेलं, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा. भाच्याने पॅनेलकडून येणारा करंट मोजला, मग बॅटरीकडे जाणारा. दोन्ही सारखे. खरा एमपीपीटी असता तर पॅनेलचा जास्तीचा व्होल्टेज उतरवून बॅटरीकडे करंट वाढवून दिला असता. हा साधा पीडब्ल्यूएम, पॅनेल नुसतं बॅटरीला जोडून देणारा. जे काही तयार होत होतं त्यातलंही बरंच असंच वाया.

राहिल्या चार बॅटऱ्या. प्रत्येकीवर १५० एएच (अँपिअर-तास, साठवणीचं माप), ट्युब्युलर (रोज तासन्‌तास वापरायची), पाच वर्षं वॉरंटी. मे म्हणजे आमच्याकडे काजूच्या बियांचा हंगाम, बिया घेणाऱ्याचा काटा जवळच होता. एक बॅटरी टेम्पोत घालून नेली. १५० एएचची भरलेली ट्युब्युलर बॅटरी सहसा पन्नास किलोच्या पुढे भरते, कारण आत शिसं तेवढं असतं. काट्यावर आकडा आला ३९. काटेवाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “बाबू, ही ट्रकाची बॅटरी आसा रे, सोलरची न्हय.” ट्रकच्या बॅटरीचं काम सेल्फ मारायचं, तासन्‌तास ओढायचं नाही. रोज निम्मी रिकामी केली की ती काही महिन्यांत बसते. वॉरंटी कार्डावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी जुळत नव्हता, हे मी दोन महिने बघितलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी भाच्याने प्लायच्या तुकड्यावर माझ्याच पेन्सिलीने हिशेब मांडला. कटर चालताना दोन किलोवॅट, प्रत्यक्ष कापणं दिवसात दीड तास, म्हणजे तीन युनिट. रंध्याचं दीड. ड्रिल, सँडर, राउटर मिळून एक. दिवे-पंखे अर्धा. दिवसाला सहा युनिट. मग बॅटरी: १२ व्होल्ट, १५० एएच, चार नग, कागदावर ७.२ युनिट. शिसाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून ३.६. इन्व्हर्टरमध्ये जातं ते वजा केलं की हातात तीन. अस्सल माल असता तरीही तीनच. आठ तास बॅकअप म्हणजे रात्रभर दिवे-पंखे, मशीन नाही.

खालच्या ओळीत त्याने ‘जुलै’ लिहून दोनदा अधोरेखित केलं. एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट हा जो हिशेब सगळे सांगतात तो वर्षाच्या सरासरीचा. कोकणात आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. ज्याला ग्रीडचा आधार नाही त्याने सर्वांत वाईट महिना धरून मोजायला हवं, नाहीतर त्या महिन्यासाठी जनरेटर ठेवायला हवा. त्या वर्षी तर मे संपायच्या आतच पाऊस उतरला. माझा जनरेटर मी एप्रिलमध्ये विकून बसलो होतो.

त्या माणसाचा फोन जूनपासून बंद. गाळा भाड्याचा होता, तोही रिकामा. पावतीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. हे तपासायला एक मिनिट पुरतं. पंधरा अक्षरांचा नंबर असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो, टाकला की नाव समोर येतं. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार दिली, पोच घेतली.

ग्राहक आयोगाबद्दल मला कोणीतरी सांगितलं होतं की कारखान्यासाठी घेतलेली वस्तू म्हणजे धंदा, तिथे तक्रार चालत नाही. ते अर्धंच खरं आहे. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ ही हेल्पलाइनही आहे. वकिलांनी आधी विचारलं ते फोटो: स्टिकर आणि काचेतला नंबर एकाच चौकटीत, काट्यावरची बॅटरी आकड्यासकट, जळालेला एमसीबी. जळालेल्या वस्तू टाकून देऊ नका, मी रागाच्या भरात टाकणार होतो.

आता शेडवर खरी आठ पॅनेल आहेत, प्रत्येकी ५४० वॅटची, दुसऱ्याकडून घेतलेली. त्याच्या कोटेशनमध्ये चौदा ओळी होत्या, प्रत्येक वस्तूची कंपनी, माप, वॉरंटी आणि किंमत वेगळी. पाव रक्कम मी हातात ठेवली आणि दुपारी कटर, रंधा एकामागोमाग चालवून बघितल्यावर दिली. कटरला आता थ्री फेज मोटर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) आहे, हळूहळू वेग घेतो, इन्व्हर्टरला कळतही नाही. बॅटरी लिथियमची, छोटीच घेतली. जाड लाकूड सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये कापायचं, बाकी वेळी जोडकाम आणि पॉलिश. पावसासाठी पुन्हा एक जुना जनरेटर बाजारातून घेतला. डीसीचा डबा शेडच्या बाहेर, लोखंडी पेटीत बसवलाय.

जुनी दहा पॅनेल पुरावा म्हणून मागच्या पडवीत उभी करून ठेवलीत. प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा एक कोपरा उचललेला आहे.