नाशिकची घंटागाडी: दारातली सेवा चांगली, आकारणी अडाणी

घंटागाडी ही नाशिकचीच देण. नव्वदच्या दशकात इथे सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. दारातून कचरा उचलण्याला चांगले गुण द्यायला हरकत नाही. अडचण आकारणीत आहे.

दर महिन्याला पावती येत नाही म्हणून सेवा फुकट वाटते. पण घरपट्टीचं बिल उलगडा: जललाभ, मलनिस्सारण लाभ यांच्या रांगेत स्वच्छता कर दिसेल. तो घराच्या करयोग्य मूल्यावर निघतो, कचऱ्यावर नाही. बंगल्यातला एकटा माणूस जास्त भरतो, दोन खोल्यांतलं सहा जणांचं कुटुंब कमी. ओला-सुका नीट वेगळा केला तरी रुपयाची सूट नाही. सूट मिळते ती आगाऊ भरण्याची, एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त.

2019 च्या राज्याच्या घनकचरा उपविधींनी वेगळ्या शुल्काची वाट मोकळी केली. पिंपरी-चिंचवडने महिना 60 रुपये घरपट्टीच्या बिलात टाकले, ओरड झाली आणि 2023 मध्ये स्थगिती आली. तेही सरसकटच होतं म्हणा.

2022 चा नाशिकचा घंटागाडीचा ठेका पाच वर्षांसाठी सुमारे 354 कोटींचा, म्हणजे वर्षाला 70 कोटींच्या आसपास. महापालिकेचं अंदाजपत्रक वाचताना वाहतूक आणि प्रक्रिया या रकमा वेगवेगळ्या बघा. टनावर बिल निघत असेल तर ओलं वजन ठेकेदाराला परवडतं: पाणी, माती, बांधकामाचा राडारोडा सगळं काट्यावर चढतं. हा खर्च शेवटी करदात्याच्याच माथी.

घरात करायचं ते असं. ओला कचरा चाळणीत निथळू द्या, मग हिरव्या डब्यात सुटा टाका. पिशवीची गाठ मारून दिला तर आत हवा जात नाही, तो कुजतो आणि खतप्रकल्पात पिशवी फाडायचं काम वाढतं. करवंट्या ओल्यात नकोत, वर्षानुवर्षं कुजत नाहीत. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. काच कागदात बांधून त्यावर ‘काच’ लिहा, हात कापतो तो मदतनीसाचा.

सोसायटीवाल्यांनी हिशेब मांडावा. माणशी अर्धा किलो धरला तर चौघांच्या 50 फ्लॅटचा रोजचा कचरा 100 किलो होतो. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांत त्यापुढचे मोठे कचरा उत्पादक धरले होते, आणि ओल्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावायची होती. तेव्हा बिल्डरने दाखवलेला खतखड्डा कागदावरच आहे का, हे ताबा घेण्याआधी पाहा.