वाडीतल्या बिल्टीवरचे शंभर: जुना कोड तपासायचा कसा आणि सुधारायचा कसा

"ॲप चालतंय, पण एका जागी हात लावला की दुसऱ्या जागी मोडतं. आता टूल लावू, कुणाला वाचायला बसवू, की सरळ नव्याने लिहू?" नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये असो की धरमपेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, जुनं वेब ॲप सांभाळणाऱ्या माणसाकडून हा प्रश्न मी बरेचदा ऐकला आहे. पर्यायांची नुसती यादी देऊन त्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून एक खरी चूक समोर ठेवतो आणि प्रत्येक उपायाला ती सापडली असती का, ते बघतो.

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं ॲप आमच्याकडे आलं ते 2021 च्या सुरुवातीला. साधं पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा), थोडी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी). बुकिंग, बिल्टी (मालासोबत जाणारी पावती), भाडं, हमाली, बिल, सगळं त्यातच. ई-वे बिल म्हणजे माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा सरकारी कागद. त्याची मुदत आधी दर 100 किलोमीटरला एक दिवस अशी होती, 1 जानेवारी 2021 पासून ती दर 200 किलोमीटरला एक दिवस झाली. नागपूर ते हैदराबाद साधारण 500 किलोमीटर धरले तर जुन्या हिशेबाने पाच दिवस आणि नव्या हिशेबाने तीन. सरकारी पोर्टलवर मुदत बरोबरच पडत होती. पण आमच्या ॲपमधून छापलेल्या बिल्टीवर "पाच दिवस" येत राहिलं. आदिलाबादच्या अलीकडे गाडी बिघडली, ड्रायव्हरने हातातल्या कागदावर भरवसा ठेवला आणि चौथ्या दिवशी गाडी अडवली गेली.

कोड उघडला तर हा हिशेब तीन जागी होता. बुकिंगच्या पीएचपी फाइलीत, स्क्रीनवर लगेच मुदत दाखवणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये आणि बिल्टी छापणाऱ्या पीएचपी फाइलीत. पहिल्या दोन जागी 200 केलेलं होतं, तिसरी राहिली होती. ती का राहिली, हे फाइल वाचल्यावर कळलं. तिथे एक ओळ होती, किलोमीटर भागिले 100, आणि तिच्या खाली दहाएक ओळींवर दुसरी, रक्कम गुणिले दर भागिले 100. एक शंभर ई-वे बिलाचा, दुसरा टक्क्यांचा, आणि दोन्ही दिसायला सारखेच. आमच्या आधी हे ॲप सांभाळणाऱ्या मुलाने सगळीकडे शोधून बदलायचा विचार केला असणार आणि जीएसटीचा हिशेब बिघडेल या भीतीने थांबला असणार. मला त्याचा राग आला नाही. अशा फाइलीत मीही थांबलो असतो.

शोधायचं कसं

पहिला पर्याय सोनारक्यूब, कोड आपोआप तपासणारं टूल. त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, ती पीएचपी आणि जावास्क्रिप्ट दोन्ही वाचते आणि डॅशबोर्ड असा देते की मालकालाही समजतो. फंक्शन किती गुंतागुंतीचं आहे, कोड कुठे दोनदा लिहिला आहे, कुठला भाग वापरातच नाही, हे सगळं दिसतं. पण वरचा शंभर त्याला सापडला नसता. पीएचपी किंवा जावास्क्रिप्टमध्ये निदान दहा ओळींवर पसरलेले शंभर टोकन (कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं) सारखे असतील तेव्हा ते पुनरावृत्ती धरतं, आणि आमचा हिशेब होता चार ओळींचा. शिवाय एक प्रत दुसऱ्याच भाषेत. मेंटेनेबिलिटीचा, म्हणजे कोड सांभाळायला किती सोपा याचा, "ए" दर्जा कसा ठरतो तेही माहीत असू द्या. सापडलेल्या चुका सुधारायला लागणारा अंदाजे वेळ विरुद्ध तेवढा कोड लिहायला लागला असता तो वेळ, असं ते गुणोत्तर आहे. एका ओळीला साधारण 30 मिनिटं धरतात आणि पाच टक्क्यांपर्यंत "ए" मिळतो. म्हणजे फाइल जितकी लांब तितकं तिचं पाप पातळ होतं. फुकट आवृत्तीत फक्त मुख्य ब्रँच (कोडची मुख्य शाखा) तपासली जाते आणि ते चालवायला एक सर्व्हर बाजूला ठेवावा लागतो. तिघांच्या टीमसाठी हे मला पहिलं पाऊल वाटत नाही. दहा-बारा जण एकाच कोडवर असतील तर जरूर लावा, आणि नियम फक्त नव्या कोडला लागू करा. जुन्या कोडची हजारांतली संख्या पहिल्याच दिवशी बघितली की टीम दुसऱ्या दिवसापासून तो डॅशबोर्ड उघडत नाही.

दुसरा पर्याय हलका आहे. पीएचपीसाठी पीएचपीस्टॅन, जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट. पीएचपीस्टॅनमध्ये 0 पासून 10 पर्यंत पातळ्या आहेत, कोड न चालवताच तो तपासतो, आणि त्याची सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बेसलाइन. आजच्या सगळ्या चुका एका फाइलीत नोंदवून ठेवायच्या, उद्यापासून फक्त नवी चूक आली तर बिल्ड, म्हणजे नव्या कोडची जुळणी, थांबवायचा. जुन्या ॲपसाठी यापेक्षा माणुसकीची सोय मी पाहिलेली नाही. ईएसलिंटमध्ये आकड्यांना नाव द्यायला लावणारा नियमही आहे, तो मुद्दाम चालू करावा लागतो. आम्ही केला. जावास्क्रिप्टमधला 200 सापडला, पण बरोबर शेकडो दुसरे आकडे आले, रांगेच्या उंचीपासून टाइमरच्या सेकंदांपर्यंत. त्यातला कुठला आकडा सरकारने ठरवलेला आणि कुठला डिझाइनरने, हे टूलला कळायचं काही कारण नाही. पीएचपीस्टॅनच्या नजरेत तर किलोमीटर भागिले 100 ही निर्दोष ओळ आहे. आकड्याला आकड्याने भागलं, तक्रार कसली?

तिसरा पर्याय मला सगळ्यात जवळचा, आणि त्याला पैसा लागत नाही. गिटचा इतिहास. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी सोय, आणि एकदम नोंदवलेला बदल म्हणजे कमिट. गेल्या वर्षभरातल्या कमिटमधून फक्त फाइलींची नावं काढा, प्रत्येक नाव किती वेळा आलं ते मोजा आणि मोठ्या आकड्यापासून खाली लावा. एका ओळीच्या कमांडचं काम आहे. वरच्या दहा नावांपैकी ज्या फाइली लांब आणि गुंतागुंतीच्या असतील, दुखणं तिथे आहे. मग दुसरी नजर टाका: कुठल्या फाइली नेहमी एकाच कमिटमध्ये बदलतात? आमच्या ॲपमध्ये बुकिंग, ती जावास्क्रिप्ट आणि बिल्टी छापणारी फाइल या तिघी मागच्या कितीतरी कमिटमध्ये एकत्र होत्या. जानेवारी 2021 च्या कमिटमध्ये मात्र दोघीच. चूक त्या यादीत उघडी पडली होती, कोडची एक ओळही न वाचता.

या पद्धतीला मर्यादा आहेतच. कंपोझरची लॉक फाइल (बाहेरून घेतलेल्या पीएचपी कोडची यादी) आणि भाषांतराच्या फाइली नेहमी वर येतात, त्या बाजूला काढाव्या लागतात. कुणी एका दिवशी सगळ्या कोडचं फॉरमॅटिंग केलं असेल तर तो कमिट वगळावा लागतो. आणि आपल्याकडे बऱ्याच छोट्या ॲप्सना इतिहासच नसतो, कारण कोड एफटीपीने थेट सर्व्हरवर बदललेला असतो. तसं असेल तर आजच गिटमध्ये टाका आणि तीन महिने थांबायच्या ऐवजी चौथ्या पर्यायाकडे जा.

तो म्हणजे माणसाला विचारणं. बाहेरच्या अनुभवी माणसाकडून कोड वाचून घेणं चांगलं, पण महाग आणि हळू. त्याआधी आपल्याच टीमला एक प्रश्न विचारा: कुठल्या फाइलीची भीती वाटते? आमच्याकडे जुना कोड सोपवताना आधीच्या मुलाने सांगितलं होतं, "बिल्टी प्रिंटच्या फाइलीले हात नको लावजो भाऊ." त्याचं ते एक वाक्य कुठल्याही रिपोर्टइतकं अचूक होतं. बुकिंगच्या खिडकीवर बसणाऱ्या ऑपरेटरलाही विचारा, कुठला आकडा तो मनातल्या मनात तपासून बघतो. ॲपवर ज्या जागी त्याचा विश्वास नाही, तिथे कोडमध्ये काहीतरी असतंच.

एआय सहायकांबद्दल थोडक्यात. अनोळखी फाइल समजावून घ्यायला ते फार उपयोगी आहेत, दोन शंभरांतला फरकही विचारला तर सांगतात. पण टेस्ट (निकाल आपोआप पडताळणाऱ्या चाचण्या) नसलेल्या कोडमध्ये त्यांना "हे स्वच्छ करून दे" म्हणू नका. स्वच्छ होतं, आणि सोबत एखादा हिशेब गुपचूप बदलतो.

तेव्हा तिघा-चौघांची टीम असेल तर माझा क्रम असा: आधी टीमला विचारणं आणि गिटचा इतिहास, दोन्ही मिळून दोन दिवस. मग पीएचपीस्टॅन बेसलाइनसह. सोनारक्यूब टीम वाढल्यावर.

सुधारायचं कसं

इथे मोह एकच असतो, सगळं नव्याने लिहायचा. नेटस्केपने ब्राउझरचा कोड असाच नव्याने लिहायला घेतला होता. पाचवी आवृत्ती बाहेर आलीच नाही, सहावी आली ती 2000 च्या नोव्हेंबरमध्ये, आणि तोवर बाजार इंटरनेट एक्सप्लोररकडे गेला होता. वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्याचं नुकसान त्याहून लहान असेल, पण कारण तेच: नवं तयार होईपर्यंत जुन्यात नवं काही टाकता येत नाही आणि सरकार दर बदलायचं थांबत नाही. तरी पुनर्लेखन योग्य ठरेल असे प्रसंग असतात. ॲप वीस-पंचवीस स्क्रीनचं असेल, पीएचपी 5.6 वर अडकलेलं असेल (त्याचा सपोर्ट 31 डिसेंबर 2018 लाच संपला) आणि धंद्याचे सगळे नियम तोंडपाठ असणारा माणूस अजून कामावर असेल, तर लिहा. यातला तिसरा मुद्दा नसेल तर पहिल्या दोघांच्या भरवशावर उडी घेऊ नका.

मधला रस्ता म्हणजे जुन्या ॲपसमोर एनजिनएक्स (येणारी विनंती हव्या त्या ॲपकडे पाठवणारा सर्व्हर) ठेवायचं, एकेक भाग नव्या ॲपकडे वळवायचा, बाकी जुन्याकडेच. मोठ्या ॲपसाठी हा उत्तम आहे. अवघड असतं ते लॉगिन आणि डेटाबेस दोघांत वाटून घेणं. आणि मालकाने अर्ध्यात पैसे थांबवले तर दोन ॲप सांभाळत बसावं लागतं. वर्षभराचं बजेट लेखी हातात नसेल तर मी हा रस्ता धरणार नाही.

आम्ही धरला तो तिसरा, आहे त्याच कोडमध्ये तुकड्यातुकड्याने. पहिलं काम कोडला हात न लावण्याचं होतं. निरनिराळ्या प्रकारच्या चाळीस जुन्या बिल्ट्या निवडल्या, त्या जुन्या कोडमधून चालवल्या आणि जो निकाल आला तो जसाच्या तसा साठवला, बरोबर की चूक न बघता. प्रत्येक बदलानंतर नवा निकाल त्याच्याशी जुळवायचा. पहिल्याच आठवड्यात चार बिल्ट्यांत एक रुपयाचा फरक आला. जुना कोड हमाली आधी पूर्ण रुपयात करायचा आणि मग बेरीज, आमचा शेवटी एकदाच पूर्ण करत होता. आमची पद्धत जास्त नीट होती, पण हिशेबनीसाच्या टॅलीतल्या सगळ्या नोंदी जुन्या पद्धतीच्या. आम्ही जुनी पद्धत परत आणली आणि त्या फंक्शनला नाव दिलं "हमाली आधी पूर्ण". नव्याने लिहिलं असतं तर हा रुपया मार्चअखेरीला सापडला असता, आणि तेव्हा तो कुठून आला हे कुणालाच कळलं नसतं.

मग त्या तीन जागांचा हिशेब एका फंक्शनमध्ये आला. जावास्क्रिप्टने स्वतः मुदत काढायचं सोडलं, ती सर्व्हरला विचारायला लागली. 200 ला नाव मिळालं. टक्क्यांचा शंभर वेगळ्या फंक्शनमध्ये गेला. जीएसटीचे दर कोडमधून निघून एका तक्त्यात गेले, प्रत्येक दरासमोर तो कधीपासून लागू ती तारीख. हे सगळं सलग महिनाभर बसून केलं नाही. ज्या कामासाठी जी फाइल उघडायची, तेवढीच सुधारायची, असा नियम होता. वेगळा "सफाईचा महिना" मागितला की मालकाला त्यात काही दिसत नाही, आणि त्याचंही चुकत नाही. "पुढच्या वेळी दर बदलला तर आठवडा लागणार नाही, तासाभरात होईल" असं सांगितलं की त्याला हिशेब कळतो.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि इनपुट क्रेडिटसह माल वाहतुकीचा 12 टक्क्यांचा दर 18 झाला. आम्ही तक्त्यात एक ओळ टाकली, चाळीस बिल्ट्या चालवून पाहिल्या, आणि ऑगस्टचं एक बिल पुन्हा छापून त्यावर 12 च येतात याची खात्री केली.

हमालीच्या दरांची एक फाइल अजून जशीच्या तशी आहे. सातशे ओळी, एकात एक अडकलेल्या अटी, कुठलंही टूल लावा, ती लाल दिसते. चार वर्षांत ती दोनदाच बदलली आहे. तिच्या सभोवती टेस्ट आहेत. तिला आम्ही हात लावलेला नाही.