भाड्याच्या जुन्या घराच्या जागी चार बिऱ्हाडं: मजला चढवावा, पाडून बांधावं की बिल्डरला द्यावं?

पुण्याच्या उपनगरात वडिलांनी कधीकाळी घेतलेला तीन हजार चौरस फुटांचा प्लॉट. त्यावर एकमजली बंगली, खाली-वर दोन भाडेकरू आणि दोघांचं मिळून महिन्याला समजा ३५ हजार भाडं. मालक स्वतः दुसरीकडे फ्लॅटमध्ये राहतात. दिवाळीला भावंडं जमली की फराळानंतर विषय निघतोच: "एवढी जागा अडकून पडलीय, सहा-आठ ब्लॉक सहज निघतील."

सहज निघत नाहीत. किती निघतील ते बरंचसं समोरचा रस्ता ठरवतो, म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधी टेप घेऊन तो मोजा. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. दाट वस्तीचा जुना भाग सोडला, तर तिच्यात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एवढ्यावरच थांबायचं. ९ मीटर भरला की पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि विकत घेतलेला टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित होणारा बांधकाम-हक्क) धरून आकडा २ पर्यंत जातो. दोन्ही बाबतीत त्यावर जिने, बाल्कनी वगैरेंसाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय, तोही पैसे भरूनच. आपल्या प्लॉटवर याचा अर्थ असा: अरुंद गल्लीत जास्तीत जास्त ५,२८० चौरस फूट, ९ मीटरच्या रस्त्यावर ९,६००. सहा मीटरचे रस्ते नऊ करण्याचा प्रस्ताव पुणे महापालिकेत २०२० साली गाजला, त्यामागे हाच हिशेब होता.

हे आकडे कागदावरचे. एवढ्याशा प्लॉटवर सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा) सोडून, गाड्या लावून, त्या वळवायला जागा ठेवून प्रत्यक्षात किती बसतं ते आर्किटेक्टने रेखाटून दाखवेपर्यंत कुणालाही काही कबूल करू नका.

प्लॉट गृहनिर्माण संस्थेच्या लेआउटमधला असेल तर प्रॉपर्टी कार्ड (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) आधी काढा. जमीन संस्थेच्या नावावर आणि तुम्ही नुसते भाडेपट्टेदार, असं पुण्याच्या बंगल्यांच्या सोसायट्यांत पुष्कळदा निघतं. मग संस्थेच्या परवानगीशिवाय पुढच्या गप्पांना अर्थ नाही.

वर मजला चढवणं

सगळ्यांना आधी हेच सुचतं, कारण स्वस्त दिसतं. घर आरसीसी असेल, मूळ नकाशा मंजूर असेल आणि पाया वरच्या वजनाचा विचार करून घातलेला असेल तरच याचा विचार करा. विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकवलेलं जुनं घर असेल तर हा पर्याय आत्ताच खोडून टाका. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या तपासणीला काही हजार जातील, पण तिथे हात आखडू नका. "कॉलम दणकट आहेत, काही होत नाही" हे ठेकेदाराचं मत झालं, दाखला नव्हे. शिवाय वर स्लॅब पडत असताना खालचा भाडेकरू राहत नाही, आणि राहिला तरी त्याने राहू नये. इतकं करून हाती लागतात एक-दोन बिऱ्हाडं, तीही जुन्या प्लंबिंगच्या डोक्यावर.

पाडून स्वतः बांधणं

हातात किंवा कर्जातून पैसा उभा राहत असेल आणि दीड वर्ष साइटवर चकरा मारायची कुणाची तरी तयारी असेल, तर अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला माझं मत याच पर्यायाला आहे.

ढोबळ हिशेब मांडू. समजा साडेचार हजार फूट बांधकाम, फुटाला अडीच हजार खर्च, म्हणजे सव्वा कोटीच्या आत. त्यात चार टू-बीएचके, प्रत्येकी २२ हजार भाडं. वर्षाला साडेदहा लाख, म्हणजे बांधकामखर्चाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास. तयार फ्लॅट विकत घेऊन भाड्याने दिला तर एवढं सुटत नाही. इथे सुटतं, कारण जमिनीचे पैसे वडिलांनी केव्हाच मोजलेत. मात्र मंजुरीचे शुल्क, आर्किटेक्टची फी आणि बांधकामाच्या काळात बुडालेलं जुनं भाडं खर्चात धरा. ३५ हजारांप्रमाणे १८ महिन्यांचे ६ लाख ३० हजार होतात. घरचे हिशेब हा आकडा हटकून विसरतात.

कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे सुटतात. भाड्यासाठीची चार घरं ती गृहकर्जात धरते की व्यावसायिक कर्जात, हे नकाशा दाखल करण्याआधीच विचारा. व्याजाचा दर त्यावर ठरतो.

भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट आणि कर्जाचं व्याज वजा होतं. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्याला असते, भाडेकरू ठेवणाऱ्याला नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला महावितरणचा वेगळा मीटर घ्या. एका मीटरवर चार घरं जोडली की सगळी युनिटं वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि दर महिन्याला बिलावरून कुरबुर. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

चार टू-बीएचकेऐवजी मुलामुलींसाठी पीजीच्या खोल्या काढल्या तर भाडं जास्त दिसतं. दरडोई महिना २० हजारांपर्यंत आणि सलग ९० दिवसांच्या मुक्कामाला जीएसटीही नाही. पण पीजी हा पूर्णवेळ धंदा आहे. नळ गळल्याचा फोन रात्री अकराला येतो. परगावी राहणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

या मार्गाची एक जमेची बाजू फार थोडे लोक मोजतात. जमीन कुठेच हस्तांतरित होत नाही, त्यामुळे भांडवली नफ्याचा प्रश्नच उभा राहत नाही.

बिल्डरला देणं

आता पलीकडची बाजू बघा. खिशातला रुपया न घालता आठातले चार फ्लॅट मिळणार, वर बांधकामाच्या काळात भाडं-भरपाई. ९ मीटरच्या रस्त्यावर हा पर्याय तगडा आहे, कारण टीडीआर आणि प्रीमियमचा पैसा घालायची ऐपत बिल्डरची असते. अरुंद गल्लीत चांगला बिल्डर बहुधा फिरकत नाही. जो येतो त्याच्याकडे जरा संशयानेच बघावं.

"बिनपैशाचे" फ्लॅट करापुरते बिनपैशाचे नसतात. नोंदणीकृत विकसन करारात व्यक्तीला भांडवली नफ्याचा कर भोगवटा पत्र (इमारत पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या वर्षी लागतो. त्या दिवशीची तुमच्या फ्लॅट्सची मुद्रांक-मूल्याने, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं त्या दराने, होणारी किंमत म्हणजे तुमची विक्री किंमत. चार फ्लॅट प्रत्येकी ८० लाखांचे धरले तर ३ कोटी २० लाख. त्यातून जमिनीची करमान्य किंमत, समजा २० लाख, वजा केली की नफा ३ कोटी. नव्या घराची सूट एकाच घराला मिळते. नफा २ कोटींपर्यंत असेल तरच, आयुष्यात एकदा, दोन घरांना. म्हणजे एका फ्लॅटचे ८० लाख वजा जाऊन एकट्या मालकाचे २ कोटी २० लाख करपात्र राहतात आणि साडेबारा टक्क्यांनी साडेसत्तावीस लाख कर, अधिभार आणि सेस वेगळा. हातात रोख मात्र शून्य. बरेच जण मग एक फ्लॅट घाईत विकतात.

इथे एरवी डोकेदुखी वाटणारी गोष्ट उपयोगी पडते. प्रॉपर्टी कार्डावर तीन भावंडांची नावं असतील तर नफा तिघांत विभागतो आणि घराची सूट प्रत्येकाला स्वतंत्र मागता येते. मुदतींच्या अटी सीएकडून आधी तपासून घ्या, करार झाल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट रेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याची; महाराष्ट्रात ते काम महारेरा करतं. तीन हजार चौरस फूट म्हणजे २७९ चौरस मीटर. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या प्रकल्पाला महारेरा नोंदणी लागत नाही, मग फ्लॅट कितीही असोत. म्हणजे ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचं बंधन बिल्डरवर नाही. ते पैसे दुसऱ्या साइटवर गेले की तुमची इमारत प्लिंथवर (जोत्यावर) थांबते. म्हणून बँक गॅरंटी मागा. कुलमुखत्यारपत्र टप्प्याटप्प्याने द्या, जमीन तारण ठेवायचा हक्क देऊ नका आणि मालकाच्या फ्लॅट्सवरचा जीएसटी कुणी भरायचा ते करारात लिहून घ्या. शेवटच्या मुद्द्यावर चाव्या मिळायच्या दिवशी भांडणं होतात.

विकून मोकळं होणं

भावंडं तीन शहरांत, साइट बघायला कुणी नाही आणि बिल्डरवर विश्वास नाही, असं असेल तर विकणं हाही सरळ निर्णय आहे. कर इथेही लागतो, पण तो भरायला हातात पैसा असतो.

यातलं काहीही ठरवण्याआधी एकदा शेजारच्या बंगल्यात चहाला जा. त्यांनाही बांधायचं असेल तर दोन प्लॉट एकत्र केल्यावर ५५७ चौरस मीटर होतात. मधली सामासिक जागा वाचते, पार्किंग नीट बसतं, आणि आठापेक्षा जास्त फ्लॅट निघाले की महारेरा नोंदणी आपोआप बंधनकारक होते. मग रस्ता ९ मीटर असेल, तर वरचा माझा कौल बिल्डरकडे झुकतो.