ऑफिसचं इंट्रानेट: गूगल साइट्स की जुन्या संगणकावर डोकुविकी?

दापोलीजवळ आंबा-कोकम प्रक्रियेच्या आमच्या कारखान्यात आम्ही सोळा जण. फूड लायसन्स, हापूसच्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीचे कागद, रजेचे अर्ज, पल्पर (गर काढायचं यंत्र) बिघडला तर फोन कुणाला लावायचा ते, सगळं कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अडकलेलं असायचं. ते एका जागी आणण्यासाठी इंट्रानेट, म्हणजे फक्त आपल्या ऑफिसातल्या लोकांसाठीची साइट, हवं होतं. त्यासाठी मी गूगल साइट्स आणि डोकुविकी या दोन्ही वाटा वापरून पाहिल्या. तुमच्यापुढे आज हाच प्रश्न असेल, तर आधी एवढंच ठरवा: पावसाळ्यात इंटरनेटची लाइन गेली की तुमचं काम थांबून चालेल का?

गूगल साइट्स ही गूगलची साइट बनवायची सोय. तिच्यावर साइट एका दुपारीत उभी राहते. यंत्र नको, इन्स्टॉल करणं नको. ड्राइव्हमधली फाइल, कॅलेंडर, रजेचा फॉर्म थेट पानावर बसवता येतो. साध्या जीमेल खात्यावर १५ जीबीपर्यंत पैसेही पडत नाहीत. पण साइट कुणाच्या खासगी जीमेलवर बनवू नका. तो माणूस नोकरी सोडून गेला की साइटची मालकी त्याच्याकडेच राहते. कंपनीच्या नावाचं वेगळं खातं काढा, आणि प्रकाशित करण्याआधी पान कुणाला दिसेल ती सेटिंग दोनदा बघा. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे आधीच भरत असाल आणि तुमच्या प्लॅनमध्ये शेअरपॉइंट (मायक्रोसॉफ्टची अशीच सोय) येत असेल, तर तेच वापरा. नुसत्या इंट्रानेटसाठी नव्याने ते घेऊ नये.

डोकुविकी म्हणजे आपल्याच संगणकावर चालणारी विकी, सगळ्यांना वाचता-लिहिता येतील अशा पानांची साइट. तिला जास्त हात लावावा लागतो. २००४पासूनचं हे मोफत सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. नवशिक्याला याचा मोठा आधार आहे, कारण काही बिघडलंच तर फोल्डर उघडून मजकूर वाचता येतो. ४ जीबी रॅमचा जुना संगणक घ्या, त्यावर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाका आणि राउटरमध्ये त्याचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता कायमचा बांधून द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. इन्स्टॉल करताना ‘क्लोज्ड विकी’ (फक्त नोंदणी केलेल्यांनाच दिसणारी) निवडा आणि झाल्यावर इन्स्टॉलची फाइल काढून टाका. पानांची मराठी नावं छोटी ठेवा. एकेक देवनागरी अक्षर फाइलच्या नावात नऊ अक्षरांएवढी जागा घेतं, त्यामुळे लांबलचक नाव अडतं.

आमच्याकडे खरा वेळ गेला तो वायरिंगमध्ये. जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय पलीकडे पोचेना, म्हणून पॅकिंग शेडपर्यंत कॅट ६ ही नेटवर्कची केबल ओढली. एका ओढीत १०० मीटरच्या पुढे जाऊ नका. खाऱ्या हवेने केबल खोचायच्या पोर्टना गंज चढतो. नेटवर्कचा स्विच (सगळ्या केबल जिथे जोडतात तो डबा) बंद पेटीत, जमिनीपासून उंच ठेवा.

एवढा खटाटोप कशासाठी? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडची कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. तेव्हा आमच्याकडे इंट्रानेट नव्हतं. कामगारांचे पत्ते, गाडीवाल्यांचे नंबर शोधताना जे हाल झाले ते मी विसरलेलो नाही. आता इंटरनेट गेलं तरी जनरेटर लावला की विकी उघडते, कारण ती आमच्याच भिंतींच्या आत आहे. गेल्या जुलैत रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तेव्हाही पॅकिंगचं काम थांबलं नाही.

पण तुमचा माणूस वाशीच्या बाजारात बसतो आणि त्याला रोज दर बघायचे असतात, तर निःशंक गूगल साइट्स घ्या. बाहेरून दिसावी म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून विकी इंटरनेटवर आणणं धोक्याचं आहे. त्यासाठी वायरगार्डसारखं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) लागतं आणि सुरुवातीलाच ते ओझं घेऊ नये, असं मला वाटतं. सगळे एका छपराखाली असाल, आणि अपडेट-बॅकअप बघणारं एक तरी माणूस असेल, तर डोकुविकी.

आमच्याकडे दर शनिवारी विकीचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवतात. तो पेनड्राइव्ह कारखान्यात ठेवत नाही. मॅनेजर घरी नेतात.