'टोकियो ड्रिफ्ट': चाकांकडे बघत पाहिलेला सिनेमा

गाड्यांचा सिनेमा लागला की माझी नजर आधी चाकांवर जाते. अठरा वर्षं व्हील अलाइनमेंटचं काम करतोय, त्यामुळे हिरोच्या चेहऱ्यापेक्षा टायरकडे जास्त लक्ष असतं. बऱ्याच सिनेमांत तिथेच फसवणूक कळते. इंजिन किंचाळतं, हिरो सतरा वेळा गिअर टाकतो, आणि गाडी मात्र रुळावरून चालल्यासारखी सरळ जात असते. 'द फास्ट अँड द फ्युरियस: टोकियो ड्रिफ्ट' हा २००६ सालचा सिनेमा परवा मुलीबरोबर पुन्हा पाहिला. ती सध्या गाडी शिकतेय. या मालिकेतला हाच भाग मला सगळ्यात जवळचा आहे, कारण यातल्या हिरोला गाडी चालवता येत नाही इथून गोष्ट सुरू होते.

म्हणजे सरळ रस्त्यावर त्याला येतं. शॉन बॉसवेल हा अमेरिकेतला शाळकरी पोरगा. बांधकाम चालू असलेल्या वसाहतीत जुन्या शेवरोले मॉन्टे कार्लोने डॉज व्हायपरशी शर्यत लावतो आणि दोन्ही गाड्यांची वाट लावतो. तुरुंग टाळायचा म्हणून आई त्याला टोकियोला धाडते, तिथे वडील अमेरिकन नौदलात नोकरीला असतात. शाळेत बाहेरचे बूट चालत नाहीत, आत घालायच्या वेगळ्या चपला लागतात, इथपासून त्याचं सगळं चुकायला लागतं.

पहिल्याच रात्री तो बहुमजली पार्किंगमधल्या चोरट्या शर्यतीला पोचतो. समोर ताकाशी, तिथला ड्रिफ्ट किंग, म्हणजे गाडी आडवी सरकवत वळण घेण्यातला राजा, सगळे त्याला डीके म्हणतात. त्याची निसान ३५०झेड. शॉनकडे स्वतःची गाडी नाही. हान नावाचा एक शांत माणूस त्याला आपली निसान सिल्विया देतो. डीके गोल चढावर गाडी आडवी घालतो आणि तशीच आडवी ठेवून वर नेतो, भिंतीपासूनचं अंतर जणू दोरी धरून मोजलेलं. मागून शॉन येतो, तो भिंतीवर, खांबावर, उभ्या गाड्यांवर आपटत. वर पोचेपर्यंत सिल्वियाचा पत्रा पत्रा झालेला असतो. हिरोची पहिली शर्यत आणि एवढी सपशेल हार! मालिकेच्या तिसऱ्या भागात असं लिहायला हिंमत लागते. पटकथा ख्रिस मॉर्गन यांची, दिग्दर्शन जस्टिन लिन यांचं.

मुलीने तिथे सिनेमा थांबवला. "बाबा, वळण उजवीकडे आहे, मग डीकेची पुढची चाकं डावीकडे कशी?"

हाच तर सगळा खेळ आहे. हँडब्रेक ओढून किंवा क्लच झटक्यात सोडून मागच्या टायरची पकड मुद्दाम सोडवायची. मागचा भाग वळणाच्या बाहेर फेकला जातो. तेव्हा स्टिअरिंग उलट फिरवलं नाही तर गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरणार. उलट फिरवलं आणि अ‍ॅक्सिलरेटर बेताने दाबून ठेवला, की गाडी आडवी सरकत पुढे जात राहते. ताकद मागच्या चाकांना हवी. म्हणूनच शॉनला पुढे मिळणारी लाल मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन, जी कारखान्यातून चारही चाकांना ताकद देणारी येते, ती या सिनेमासाठी फक्त मागच्या चाकांवर चालेल अशी बदलून घेतली होती. प्रेक्षकांतल्या शंभरातल्या नव्याण्णवांना हे कळलं नसतं. तरी त्यांनी ते केलं, याचं माझ्यासारख्याला फार अप्रूप वाटतं.

खरेपणा येतो तो माणसांमुळेही. स्टंट चालकांत ऱ्हीस मिलन आणि सॅम्युएल ह्यूबिनेट असे ड्रिफ्ट स्पर्धांतले चालक होते. आणि केइची त्सुचिया! जपानमधल्या डोंगरी घाटरस्त्यांवर हात बसवून ड्रिफ्टिंग जगापुढे आणणारा हा माणूस, खरा 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात तो हाच. त्याचा १९८७ सालचा 'प्लस्पी' हा व्हिडिओ या खेळाच्या चाहत्यांत अजून पाहिला जातो. शॉन बंदरावर सराव करत असतो, गाडी पुन्हा पुन्हा हातातून सुटते, आणि तिथे मासे धरत बसलेला एकजण त्याच्या चुका बघून शेरे मारतो. तो मासे धरणारा म्हणजे स्वतः त्सुचिया. सिनेमात कुणी त्याची ओळख करून देत नाही. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा तो प्रसंग मागे नेऊन तीनदा पाहिला होता.

आता हानबद्दल. संग कांग या नटाने हे पात्र असं केलंय की बाकी सगळे त्याच्यापुढे फिके पडतात. कधी आवाज चढवत नाही. हातात कायम खाऊचं पाकीट, सतत काहीतरी चघळत असतो. त्याची नारंगी-काळी माझदा आरएक्स-७ व्हेलसाइड या जपानी कंपनीच्या बॉडीकिटमध्ये, म्हणजे बाहेरून बसवलेल्या वेगळ्या अंगात, इतकी देखणी दिसते, पण लक्षात राहतो तो त्याचा बेफिकीर दिलदारपणा. पोराने लाखमोलाची गाडी ठोकली, तर हा त्याला हाकलत नाही, कामाला ठेवतो आणि शिकवतो. गाडी गेली तरी चालेल, माणूस कसा आहे ते कळलं पाहिजे, असा त्याचा हिशोब. मला असे शिकवणारे भेटले, म्हणून मी या धंद्यात टिकलो. शिकाऊ असताना एका गिऱ्हाईकाच्या गाडीचा टाय-रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी) मी चुकीचा घट्ट केला होता. उस्तादांनी ओरडा दिला नाही, तीच गाडी पुन्हा माझ्याच हातात दिली. हान पडद्यावर आला की मला तो दिवस आठवतो.

(पुढचं वाक्य सिनेमा न पाहिलेल्यांनी सोडावं.) टोकियोतल्या शिबुया भागात हानच्या गाडीला धडक बसून ती उलटते, तेव्हा सिनेमातली ऊब एकदम निघून जाते. प्रेक्षकांना तो इतका हवाहवासा झाला की पुढचे तीन भाग या गोष्टीच्या आधीच्या काळात घडलेले दाखवले, आणि २०२१ च्या नवव्या भागात त्याला परतच आणला.

शहर कसं दिसतं? सुंदर. निऑन पाट्या, आणि शिबुयाच्या चौकात गर्दी दुभंगते आणि मधून गाड्या आडव्या सरकत जातात तो क्षण. पुष्कळ चित्रीकरण मात्र लॉस एंजेलिस भागातलं आहे. सुरुवातीची पार्किंगची शर्यत तिथल्या हॉथॉर्नमधल्या बंद पडलेल्या मॉलमध्ये घेतलेली. बघताना ते जाणवत नाही. शेवटच्या डोंगरातल्या शर्यतीत मात्र संगणकाचा हात दिसतो आणि पार्किंगमध्ये जो दचका बसला तो तिथे बसत नाही.

उणिवा आहेतच. शॉन झालेला ल्यूकस ब्लॅक सतरा वर्षांचा मुळीच वाटत नाही. नायिका नीलाच्या वाट्याला फार थोडं आलंय. तीही या देशात परकीच, ताकाशीच्या घरात वाढलेली. रात्रीच्या घाटात गाड्यांची रांग एका लयीत डुलत उतरते आणि ती आपली हकिगत सांगते, तेवढाच तिचा खरा प्रसंग. तिच्यावर आणखी अर्धा तास खर्च केला असता तर मी खुशीने बसलो असतो, कारण सगळा सिनेमा पावणेदोन तासांच्या आसपास आहे. सनी चिबा यांनी केलेल्या ताकाशीच्या याकुझा (जपानी गुंडटोळीतल्या) काकांना कमी वेळ आहे, पण ते खोलीत आले की सगळे ताठ बसतात, प्रेक्षकसुद्धा.

शेवटच्या शर्यतीसाठी गाडी उरलेली नसते. मग वडिलांच्या १९६७ च्या फोर्ड मस्टँगचा सांगाडा घेतात आणि त्यात ठोकलेल्या सिल्वियातलं इंजिन बसवतात. मला पूर्ण सिनेमात सर्वांत आवडतो तो हा भाग. पोरं गाडीखाली पडलीयत, कुणी वेल्डिंग करतंय, आणि इतका वेळ मुलाकडे पाठ करून असलेला बाप मदतीला येतो. अमेरिकन पत्रा, जपानी इंजिन. पुढचं वजन बदललं की सस्पेन्शन पुन्हा बसवावं लागतं, चाकांचे कोन पुन्हा लावावे लागतात, आणि कितीही काळजी घेतली तरी अशी गाडी पहिल्या फेरीला स्वतःचं काहीतरी म्हणते. सिनेमात हे काम दोन-तीन मिनिटांत उरकतं. मी ते दोन तास पाहिलं असतं.

आधीचे दोन भाग पाहिले नसतील तरी काही अडत नाही, थेट हाच लावा. स्पीकर चांगले असतील तर फारच उत्तम. टायर घासल्याचा आवाज यात वळणागणिक बदलतो, तो कानाने ऐकण्यासारखा आहे.

सिनेमा संपल्यावर मुलीने पार्किंगचा प्रसंग पुन्हा लावला. या खेपेला ती डीकेच्या पुढच्या चाकांकडे बघत होती.